साहेब, आधी पायऱ्या समजून घ्या!

आपल्या शहरातल्या एका कार्यालयाची जाहिरात वाचली. 20 संगणकांचं नेटवर्क सांभाळायला कंत्राटी माणूस हवाय. अट काय, तर 'सीसीआयई'!

साहेब, या सिस्को कंपनीच्या पायऱ्या आहेत. सीसीएनए हा पाया, 1 परीक्षा. राउटर-स्विच जोडणं, बिघाड शोधणं त्यात येतं. वर सीसीएनपी, 2 परीक्षा. सगळ्यात वर सीसीआयई. लेखी परीक्षा आणि 8 तासांचं प्रात्यक्षिक!

घरातला पंखा बसवायला महावितरणचा मुख्य अभियंता बोलावता का? तुम्हाला सीसीएनए पुरे. फक्त 3 वर्षांची मुदत संपली नाही ना, ते बघा.

नाहीतर अर्जच येणार नाहीत. मग 'पात्र उमेदवार मिळाला नाही' म्हणत काम ओळखीच्या ठेकेदाराला, आणि गावातली शिकलेली पोरं पुण्याच्या गाडीत. जाहिरात दुरुस्त करा!