लंडनला चार दिवस द्या

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावातलं एखादं घर घ्या. मुलगा पुण्यात नोकरीला, लेक हैदराबादला. आईवडिलांना एकदा युरोप दाखवावा असं दोघांनाही मनापासून वाटतं. मग सहल कंपनीचं पत्रक येतं : दहा-बारा दिवसांत सहा-सात देश. साठीच्या माणसांनी रोज पहाटे बॅगा भरायच्या, बसमध्ये डुलक्या घ्यायच्या आणि लंडनला एक-दीड दिवस उभ्याउभ्या फिरायचं. एवढा खर्च करून ही दगदग कशासाठी? एकच शहर निवडा, तिथे चार-पाच दिवस राहा. पहिलीच खेप असेल तर लंडन निवडा.

लंडनला पॅरिस जोडायचा मोह टाळा. फ्रान्स शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात आहे, ब्रिटन नाही. म्हणजे दोन व्हिसा, दोन फिया आणि कागदांची दुप्पट धावपळ. कागदांचंच सांगायचं तर शेतकरी घराने आधी सातबारा आणि आठ-अ काढून ठेवावा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलेलं नसणं अगदी शक्य आहे. अशा वेळी जमीन, माल विकल्याच्या पावत्या आणि बँकेचं खातं हाच आधार. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही आणि तारीखही. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधी करता येतो. मेचा पहिला पंधरवडा उत्तम : हरभरा-गहू घरात आलेला, खरिपाची पेरणी अजून दूर, आणि तिकडे रात्री आठ वाजून गेले तरी उजेड.

पाहायचं काय, हा खरा प्रश्न. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या कायम दालनांना तिकीट नाही. मेणाच्या पुतळ्यांपुढे फोटो काढायला पैसे आणि अर्धा दिवस घालवण्यापेक्षा इथे निवांत बसावं. पण आमचा आग्रह आणखी एका गोष्टीचा आहे. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, १० किंग हेन्रीज रोड या घरात १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अर्धवट सोडावं लागलेलं शिक्षण पुरं करायला ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला आले. दिवसदिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसले, ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डी.एस्सी. मिळवली. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ याच अभ्यासातून आला. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं, म्हणजे ते धनजच्या माणसाच्याही मालकीचं आहे. तरीही सहलीच्या बहुतेक पत्रकांत त्याचं नाव सापडत नाही, हे आम्हाला अजिबात पटत नाही. आयोजकाला तसं ठणकावून विचारलं पाहिजे.

तिथून फार लांब नाही हौली प्लेस. चिरोल या ब्रिटिश पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे १० क्रमांकाच्या घरात राहिले. भिंतीवर निळी पाटी आहे. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनला उतरायचं. घर खाजगी आहे, बाहेरूनच पाहावं.

मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतला रेल्वे ज्यांनी कारंजावरून धावताना पाहिली, त्यांना ती ब्रिटिश कंपनीच्या मालकीची होती हे ठाऊक आहे. वऱ्हाडचा कापूस त्या रुळांवरून बंदराकडे आणि पुढे विलायतेच्या गिरण्यांकडे गेला. त्या व्यापारावर उभी राहिलेली राजधानी शेतकऱ्याने सावकाश, प्रश्न विचारत पाहायला हवी. तेव्हा आंबेडकरांचं घर कोणत्या दिवशी आणि किती वाजता उघडं असतं ते आधी तपासा, तो दिवस पक्का करा, आणि विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.