अलिझेची कुमक कोठे होती?

१/ डिसेंबर आला की १९७१ च्या युद्धावरील लेखनाला पूर येतो. ४ डिसेंबर, कराची, क्षेपणास्त्र नौका आणि मग टाळ्या! १० डिसेंबरविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर दोन सूर ऐकू येतात: ‘संथ विमान पाठवण्याचा मूर्खपणा’ किंवा ‘तीन वीरांचे बलिदान’. माझे म्हणणे असे की, हे दोन्ही सूर इतिहासाला बगल देतात.

२/ आधी विमानाची ओळख. ब्रेगे अलिझे हे फ्रेंच बनावटीचे, तीन आसनांचे, एका टर्बोप्रॉप इंजिनाचे विमान. पहिले उड्डाण १९५६ चे. फ्रेंच भाषेत ‘अलिझे’ म्हणजे व्यापारी वारे. काम एकच, पण अवघड: विमानवाहू नौकेवरून उडायचे आणि समुद्रात दडलेली पाणबुडी हुडकायची.

३/ त्यासाठी पोटाखाली बाहेर काढता येणारे रडार होते, पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज टिपणारी उपकरणे होती, पाणतीर होते. वेग ताशी सुमारे ५०० किलोमीटर. हा वेग दोष नव्हे. समुद्राचा एकेक पट्टा तासन्‌तास चाळायचा असेल, तर सावकाश उडणे हाच गुण ठरतो. लढाऊ विमानाशी झुंजण्याची तोफ त्यावर नव्हती, कारण ते त्याचे कामच नव्हते.

४/ भारतीय नौदलाची ३१० क्रमांकाची तुकडी, ‘कोब्राज’, मार्च १९६१ मध्ये फ्रान्समध्येच उभी राहिली. त्याच महिन्यात ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. वर्ष संपण्याआधी गोवामुक्तीच्या वेळी ही विमाने गस्तीवर होती. १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. तिच्यावर सी हॉक ही लढाऊ विमाने होती आणि काही अलिझेही. उरलेल्या अलिझे पश्चिम किनाऱ्यावर, जमिनीवरील तळांवरून उडत राहिल्या.

५/ ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हंगोरही फ्रेंच बनावटीचीच. शिकार आणि शिकारी एकाच देशातून आलेले! त्या पाणबुडीचा शोध सुरू झाला.

६/ १० डिसेंबरला या पश्चिम समुद्रात पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटरने एक अलिझे पाडले. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे अमेरिकी विमान एका बाजूला, आपले गस्ती विमान दुसऱ्या बाजूला. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि नौसैनिक विजयन परतले नाहीत. हंगोर मात्र सुखरूप कराचीला पोहोचली.

७/ आता मूळ मुद्दा. मी घोडेगावचा. शिवनेरीचे सातही दरवाजे क्रमाने सांगणारे मित्र माझ्याभोवती आहेत. एखादा गड पडला की ते किल्लेदाराला मूर्ख म्हणून मोकळे होत नाहीत. दारूगोळा किती होता, रसद कोणी तोडली, कुमक का आली नाही, असे विचारतात. मग हाच प्रश्न अलिझेसाठी का नाही?

८/ विचारून पाहा. नौदलाची स्वतःची लढाऊ विमाने विक्रांतबरोबर दुसऱ्या समुद्रात होती. दूर पल्ल्याच्या सागरी टेहळणीची सुपर कॉन्स्टेलेशन विमाने तर नौदलाकडे नव्हतीच. ती हवाई दलाच्या सहाव्या तुकडीकडे होती. समुद्र एका दलाचा, त्यावरचे आकाश दुसऱ्याचे. या वाटणीच्या फटीत अलिझे एकटे पडले.

९/ कोणी म्हणेल, सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाकडे असते तरी स्टारफायटरपुढे टिकले नसते. खरे आहे. म्हणूनच प्रश्न यंत्राचा नाही, व्यवस्थेचा आहे: गस्त घालणाऱ्याच्या डोक्यावर छत्र कोणी धरायचे? ‘मूर्खपणा’ म्हटले की दोष वैमानिकावर जातो. नुसते ‘बलिदान’ म्हटले की दोष कोणाचाच उरत नाही. दोन्ही वेळा व्यवस्था सुटते.

१०/ पुढचा क्रम पाहा. १९७६ मध्ये सुपर कॉन्स्टेलेशन नौदलाकडे आली. १९७७ मध्ये आयएल-३८ आली. १९८३ मध्ये सी हॅरियर दाभोळीला उतरली. हे सारे एका अलिझेमुळे घडले, असा दावा मी करणार नाही. पण युद्धाने दाखवलेली फट पुढे सांधली गेली, एवढे या तारखांवरून नक्की म्हणता येते. अलिझे स्वतः नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत सेवेत राहिले.

११/ ‘सह्याद्रीतल्या माणसाला समुद्राचे काय?’ असे मला विचारतात. जुन्नरचा माल नाणेघाटातून उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होता. घाटमाथा आणि समुद्र यांचे नाते दोन हजार वर्षांचे आहे. आपला इतिहास १८१८ ला थांबवण्याची सवय तेवढी नवी.

१२/ गोव्यातील नौदल विमान संग्रहालयात एक अलिझे उभे आहे. तेथे गेलात तर छायाचित्र अवश्य काढा. पण त्याखाली ‘अमर रहे’ एवढेच लिहू नका. तिघांची नावे लिहा आणि गडासाठी विचारता तोच प्रश्न विचारा: कुमक कोठे होती?