विकतचे तारे आणि घरची रोपे

फुटबॉल क्लबाने नामवंत खेळाडू विकत घ्यावेत की लहान मुलांना हाताशी धरून खेळाडू घडवावेत, हा वाद जुना आहे. स्पेनमधील रेआल माद्रिद व बार्सेलोना यांच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीने त्यावर पुष्कळ प्रकाश पडतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. हे दोन्ही क्लब कोणा धनिकाच्या मालकीचे नसून सभासदांचे आहेत आणि त्यांचा अध्यक्ष मतदानाने निवडला जातो.

फ्लोरेंतिनो पेरेझ 2000 मध्ये माद्रिदचे अध्यक्ष झाले, ते बार्सेलोनाच्या लुईस फिगोला आणून दाखविण्याच्या आश्वासनावर. ते त्यांनी पाळले. पुढे दरवर्षी एक याप्रमाणे झिदान, रोनाल्डो आणि बेकहॅम आले. 2002 मध्ये युरोपचे अजिंक्यपद मिळाले ते झिदानच्याच गोलाने. तेव्हा सारा पैसा पाण्यात गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु 2003 मध्ये बेकहॅमला आणणाऱ्या या क्लबाने त्याच उन्हाळ्यात माकेलेलेला जाऊ दिले. प्रतिस्पर्ध्याची चढाई मधल्या फळीतच मोडून काढणाऱ्या या खेळाडूचे मोल तो गेल्यावर कळले. पुढचे तीन हंगाम एकाही मोठ्या विजेतेपदाविना गेले आणि फेब्रुवारी 2006 मध्ये पेरेझ यांनी पद सोडले.

ज्या वर्षी फिगोने बार्सेलोना सोडले, त्याच वर्षी लिओनेल मेस्सी हा तेरा वर्षांचा मुलगा अर्जेंटिनाहून तेथे आला. ला मासिया या जुन्या शेतघरात 1979 पासून क्लब होतकरू मुलांचे वसतिगृह चालवीत होता. 2009 मध्ये रोम येथे युरोपचा अंतिम सामना बार्सेलोनाने जिंकला, तेव्हा आरंभीच्या अकरांपैकी सात जण क्लबाच्या याच शाळेत वाढलेले होते. प्रशिक्षक ग्वार्दिओलाही तेथलेच. मात्र मेस्सी आला त्या वेळचे अध्यक्ष 2003 मध्येच पायउतार झाले होते. रोप लावणारा एक, फळ चाखणारा दुसरा! मते मागणाऱ्यास तयार ताऱ्याचा मोह पडतो, तो यामुळेच.

तो मोह बार्सेलोनालाही चुकला नाही. 2017 मध्ये नेमारच्या जाण्याने बावीस कोटी वीस लक्ष युरो हाती येताच डेम्बेले व कुटिन्यो यांच्यावर प्रत्येकी दहा कोटींहून अधिक रक्कम उधळली गेली. 2021 मध्ये क्लब इतका कर्जबाजारी झाला, की घरच्या मेस्सीलाही ठेवून घेणे त्यास शक्य झाले नाही. त्या पडत्या काळात सावरले ते पुन्हा ला मासियाने. तेथला लामिन यमाल 2023 मध्ये पंधराव्या वर्षीच मुख्य संघातून खेळला आणि 2025 मध्ये क्लबाने स्पेनचे विजेतेपद पटकावले. उलट माद्रिदने 2017 मध्ये सोळा वर्षांच्या व्हिनिसियसशी करार केला आणि त्यास पिकू दिले. खरेदी चालू राहिली. तिच्यात धीर आला.

आपल्याकडे 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याच्या संघात त्रेझेगे आणि गोव्याच्या संघात पिरेस हे मावळतीकडे झुकलेले फ्रेंच तारे आले. गर्दी जमली. पुण्याचा तो क्लब 2019 मध्ये बंदही पडला.

तारे विकत घेण्यात पाप नाही. पण क्लबाचा कारभार जोखावयाचा, तो अध्यक्षांनी कोणास आणले यावरून नव्हे, तर ते गेल्यानंतर दहा वर्षांनी मैदानावर कोण उभे आहे यावरून. सभासदांनी मत देताना हाच प्रश्न विचारावयास हवा.