अ‍ॅपमध्ये तीन स्टार, पण १/३ मोठा की १/४?

माझी भाची चौथीत आहे. टॅबवरच्या गणिताच्या अ‍ॅपमध्ये तिने अपूर्णांकाच्या सगळ्या लेव्हल पार केल्यात, प्रत्येकीला तीन स्टार. मी सहज विचारलं, "१/३ मोठा की १/४?" उत्तर लगेच आलं, "मामा, १/४. चार मोठे असतात ना!"

हे फक्त आमच्या घरचं नाही. केंद्राच्या 'परख' सर्वेक्षणात डिसेंबर २०२४ मध्ये देशभरातल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली. अर्धा, पाव असे नेहमीचे अपूर्णांक मांडता येणारी सहावीची मुलं निघाली २९ टक्के. आणि हे पुढे नडतं. रॉबर्ट सीग्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली होती. दहाव्या वर्षी अपूर्णांक किती कळतात, यावरून पुढे हायस्कूलमध्ये बीजगणित कसं जमेल याचा अंदाज येतो, असं त्यांना दिसलं.

मग अ‍ॅप तीन स्टार कसे देतं? स्क्रीनवर पिझ्झा येतो, त्याचे चार तुकडे आधीच केलेले असतात. मूल एकावर टॅप करतं, टिंग वाजतं. मी स्वतः कोड लिहितो, त्यामुळे आत काय होतं ते सांगू शकतो: एकूण खण चार, टॅप झालेले एक, उत्तर बरोबर. बस. मुलाने दोनदा मोजलं, एकदा वरचा आकडा, एकदा खालचा. मोजणं तर त्याला पहिलीपासून येतं! समान वाटे करणं हे खरं काम, ते प्रोग्रामरने आधीच करून ठेवलंय.

दुसरं म्हणजे, पिझ्झा पाहून १/४ ही एक संख्या आहे हे कळतच नाही. ० आणि १ च्या मध्ये तिची ठरलेली जागा आहे. ही जागा दाखवायला फोनच पुरेसा आहे. ४० मिनिटांचा व्हिडिओ लावा आणि खालची पट्टी पावावर न्यायला सांगा. १० व्या मिनिटाजवळ बोट थांबलं की समजा जमलं. फेटचं 'फ्रॅक्शन्स: इंट्रो' हे मोफत सिम्युलेशनही ब्राउझरमध्ये चालतं. त्यात संख्यारेषा आहे आणि १ च्या पुढेही जाता येतं.

१ च्या पुढचे अपूर्णांक तर आपल्या बोलण्यातच आहेत. सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन. जुन्या पिढीने पावकी, निमकी, दिडकीचे पाढे पाठ केले होते. भाचीचं अ‍ॅप मात्र 'एक बटा चार' म्हणतं. अरे, पाव म्हण की! (भाषांतरही तपासलेलं नसणार.)

शेवटी मी सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घेतल्या. एकीचे चार भाग तिने झटकन केले, दोनदा घडी घातली की झालं. तीन भाग करताना मात्र घाम फुटला. घडी कधी इकडे जास्त, कधी तिकडे. पाचव्या प्रयत्नात जमलं. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून ती जरा वेळ गप्प बसली.

"म्हणजे जास्त जणांत वाटलं की कमी मिळतं?"

"हो."

"मग १/१००० दिसेल तरी का?"