गळ टाकण्यापूर्वी

‘मासे धरणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग!’ असे सुशिक्षित मंडळी म्हणतात. आणि ‘घावला तो आपला’ असे आमच्या गावाकडची मंडळी म्हणतात. ही दोन्ही मते मला पटत नाहीत. त्याला कारण झाली एक मरळ.

आमचे गाव भोगावतीच्या काठी. हीच भोगावती पुढे कासारी, कुंभी, तुळशीसह पंचगंगा होऊन कोल्हापुरात येते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे ‘पुस्तक सोडून नदीवर जायाचं न्हाई’ हा वडिलांचा लहानपणापासूनचा दंडक! प्रथम वर्षाची परीक्षा आटोपली आणि गेल्या वैशाखात तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, प्रथमच माझ्या हाती वेळूची काठी दिली. गळाला बेडकी लावायला शिकवली आणि ते वरच्या अंगाला गेले.

मरळीला हवेतला श्वास घ्यावा लागतो. म्हणून ती अधूनमधून पाण्यावर येते आणि तिचा ठावठिकाणा कळतो. लव्हाळ्याजवळ तांबूस पिल्लांचा पुंजका वरखाली होत होता. मी तिथेच गळ टाकला. क्षणात तंगूस ताणला गेला! हातभर मरळ काठावर आली तेव्हा परीक्षा पास झाल्याहून अधिक आनंद मला झाला.

तात्या आले, मासा पाहून गप्प झाले. वाटेत एवढेच म्हणाले, “पिल्लांवरची हुती रं ती.”

मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. त्या राखणीपायीच ती माझ्या गळावर धावली असणार. दुसऱ्या दिवशी डोहावर गेलो, तर पुंजका विस्कटला होता. रात्रीच्या रश्श्याची चव तिथेच उतरली.

सांडपाण्याने पंचगंगेतील मासे मेल्याच्या बातम्या वाचून आपण हळहळतो. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणे १८९७ च्या कायद्यानेच गुन्हा ठरवले. तरी जिलेटीनचे बार उडतात, पाण्यात ब्लीचिंग पावडर पडते. त्यांना आपण खुशाल दोष देतो. पण पिल्लांवरची मरळ धरणारा माझ्यासारखा हौशी तरुण कितीसा निराळा?

ज्यांचे पोट नदीवर आहे त्या भोई बांधवांना उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. नदीचे ज्ञान त्यांच्याकडूनच घ्यावे. परंतु एक दिवस मासा मिळाला नाही म्हणून तुम्हाआम्हाला उपाशी झोपावे लागत नाही. मग थोडा संयम आपण का पाळू नये? मित्रहो, गळ जरूर टाका. नदीकाठी बसल्याशिवाय नदी कळत नाही. फक्त टाकण्यापूर्वी पाण्याकडे नीट पाहा.

येत्या वैशाखात मी पुन्हा जाणार आहे. पुंजका दिसला, तर काठी खांद्यावर टाकून पुढच्या डोहाकडे चालू लागेन.