बांबूचा गुण सांगू, दोषही सांगू



अंकाचं स्टेन्सिल कापायला आम्ही नागपुरात प्रताप नगरला येतो. इथल्या औषधाच्या दुकानात खोकल्याचं सितोपलादी चूर्ण मिळतं. त्यात वंशलोचन असतं. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरात साचणारा पांढरा खडा. तो मुख्यतः कटांग बांबूत सापडतो. बांबू जंगलातला, जाणकारी गावाची, आणि डबीची किंमत ठरवणारा तिसराच!

1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडात मोजलं. कागद कारखान्याला तो ठेक्याने मिळायचा अन् आपण टोपलीपुरता तोडला तर चोर ठरायचो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. तो गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा हक्क गावाला मिळाला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने हा हक्क लढून घेतला आणि 2011 साली बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. याच कायद्याच्या कलम 3(1)(ट) मध्ये जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावरही गावाचा हक्क लिहिला आहे. म्हणजे वैदूची, दाईची जाणकारी ही गावाची मालमत्ता आहे.

पण हक्क सांगायचा तर ज्ञान पुरतं पाहिजे. गुण तेवढे सांगायचे अन् दोष झाकायचे, हे काम बाजाराचं. आपण दोन्ही सांगू.

पहिली गोष्ट वास्त्यांची. कच्च्या कोंबात विष असतं, पोटात गेलं की त्यातून सायनाइड तयार होतं. ओकारी, चक्कर, धाप लागते. म्हणून आपल्या बाया वास्ते बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवतात, उकळतात आणि ते पाणी फेकतात. ही रीत बरोबर आहे, घाईत ती सोडू नका. उकळताना झाकण ठेवू नका. ते पाणी कोणाला पाजू नका, लेकरांना तर नाहीच. आणखी एक : रोजच्या रोज, महिनोन् महिने वास्ते खाल्ले तर गलगंड वाढू शकतो. मीठ आयोडीनचं वापरा. गळ्याला गाठ असेल त्याने वास्ते टाळावे.

दुसरी गोष्ट काढ्याची. बांबूच्या पानाचा काढा पाळी येण्यासाठी देतात. तोच काढा गरोदर बाईला देऊ नये.

तिसरी, बांबूच्या चिपाटीने नाळ कापायची. चिपाटीला माती असली की बाळाला धनुर्वात होतो, बाळ हातचं जातं. नवं, उकळलेलं ब्लेडच वापरा. बाळंतपण दवाखान्यात झालं तर उत्तमच.

चौथी, मोडलेल्या हाडाला कामट्या बांधायच्या. आधार म्हणून चांगल्या, पण बोटं थंड पडली, काळी-निळी झाली तर लगेच सैल करा आणि दवाखाना गाठा. उशीर झाला तर हात-पाय कापावा लागतो.

आता वंशलोचन. बाजारात त्या नावाखाली रासायनिक पांढरे खडेही विकतात. चूर्णात निम्म्याहून जास्त खडीसाखर असते, साखरेचा आजार असणाऱ्याने जपून घ्यावं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर चूर्ण चाटत बसू नका, बेडका तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी अन् औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

खड्यासाठी आख्खं बेट कापू नका. बांबू हलवून पाहिला की आतला खडा वाजतो. बेटातले सगळेच कोंब काढले तर पुढच्या साली बांबू कुठून येणार?

येत्या ग्रामसभेत एवढं करा : कोणत्या बेटातले वास्ते काढायचे अन् किती ठेवायचे, याचा ठराव लिहा. वैदू आणि दाई यांना बोलवा, त्यांचं ज्ञान गावाच्या वहीत उतरवा, गुणासमोर दोषही लिहा. ती वही ठेकेदाराच्या हाती जाऊ देऊ नका. गावातच ठेवा.

जोहार!