पोर्टल भरायला कोण कोण लागतं?

गेल्या काही महिन्यांत एक वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. ‘आपल्या लोकांना कॉम्प्युटर येत नाही, म्हणून वक्फच्या नोंदी रखडल्या.’ मशिदीच्या बैठकीत ऐकलं, लग्नाच्या दावतीत ऐकलं, एका चांगल्या शिकलेल्या नातेवाइकाकडून तर फारच ठासून ऐकलं. मला हे पटत नाही. कोल्हापुरातल्या एका लहान ट्रस्टच्या नोंदी भरायला मी स्वतः बसले होते. त्याआधी चौतीस वर्षं बँकेत काढली. कागदावरचं काम पडद्यावर नेताना काय होतं, ते मी दोनदा जवळून पाहिलं. दोन्ही वेळा कॉम्प्युटर येणारा माणूस हजर होता. अडलं ते दुसरीकडेच.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वक्फ कायद्यातली दुरुस्ती ८ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. ६ जूनला केंद्र सरकारने ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं आणि नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचा तपशील सहा महिन्यांत त्यावर भरायला सांगितलं. १५ सप्टेंबरच्या अंतरिम आदेशात सुप्रीम कोर्टाने काही कलमांना स्थगिती दिली, नोंदणीला दिली नाही. १ डिसेंबरला सरसकट मुदतवाढही नाकारली. अडचण असेल त्यांनी ट्रायब्युनलकडे जावं, असं सांगितलं. ६ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा देशभरात सुमारे ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद सुरू झालेली होती. मंजुरीपर्यंत पोचल्या होत्या २ लाख १७ हजारांच्या आसपास. जवळपास तेवढ्याच मधल्या टप्प्यावर होत्या आणि १० हजारांहून जास्त तपासणीत नाकारल्या गेल्या होत्या. कायद्याबद्दल माझे आक्षेप आहेत, ते पुन्हा कधीतरी. आज मला आमच्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांबद्दल लिहायचं आहे.

ट्रस्ट लहान. एक मशीद, तिला लागून सहा दुकानगाळे, एक कब्रस्तान आणि गावाकडे इनामाची थोडी जमीन. सेक्रेटरींचा भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ऑक्टोबरात सुट्टीला आला आणि एका रात्रीत दोन नोंदी भरून मोकळा झाला. ‘आपा, एवढ्याशा कामाला तुम्ही लोकांनी चार महिने घालवले?’ सगळे खूश. मीही खूश झाले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. चाचा म्हणजे ट्रस्टचा हिशेब चाळीस वर्षं लिहिणारे आमचे कारकून. या पोर्टलला त्यांचा पहिल्यापासून विरोध. ‘वर चढवलं की आपल्या हातात काय राहिलं?’ हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला कुणाकडेच धड उत्तर नव्हतं. म्हणून बैठकीत त्यांचं नाव अडेलतट्टू पडलं होतं. त्यांनी भरलेल्या अर्जाची प्रिंट मागितली. भिंग घेऊन बसले. अर्ध्या तासाने म्हणाले, ‘सात गुंठे गेले की रे.’

जुन्या कागदात जमीन ‘तीन एकर बारा गुंठे’ अशी लिहिलेली. पोराने क्षेत्रफळाच्या रकान्यात ३.१२ एकर लिहिलं. एकराचे गुंठे चाळीस. बारा गुंठे म्हणजे एकराचे तीन दशांश, म्हणजे लिहायला हवं होतं ३.३०. फरक सात गुंठ्यांहून थोडा जास्त. कुणी बळकावली नाही, कुणी विकली नाही; आमच्याच माणसाने, चांगल्या मनाने, झटपट काम करताना ती घालवली होती. आणि ही चूक पडद्यावर ओळखू येणारी नव्हती. ३.१२ हा आकडा दिसायला एकदम नीटनेटका.

त्या क्षणी मला बँकेतले आमचे एक सीनियर आठवले. मी १९८४ साली नोकरीला लागले, त्याच वर्षी बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला. युनियनचे मोर्चे, घोषणा, सगळं झालं. पुढे आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगची मशीनं आली तेव्हा हे गृहस्थ महिनोन्महिने हाताने लिहिलेलं लेजर सोडायला तयार नव्हते. आम्ही तरुण पोरंपोरी त्यांची टिंगल करायचो. खाती मशीनवर घेताना एकाच नावाचे तीन खातेदार निघाले, आडनाव शेख. मशीनला तिघे सारखेच. त्यांनी सही बघून सांगितलं, हा हुपरीचा चांदीवाला, हा बागल चौकातला, आणि हा तिसरा वारला, त्याच्या बायकोला पेन्शन येते. त्या बाईची पेन्शन चांदीवाल्याच्या खात्यात जायची वाचली. नंतर आम्ही टिंगल कमी केली. बंद केली असं नाही म्हणवत.

नवी गोष्ट लोकांत कशी पसरते, यावर एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं १९६२ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्याने माणसांचे पाच गट पाडले. सगळ्यात पुढे नवं शोधणारे, सगळ्यात मागे रेंगाळणारे. मॅनेजमेंटच्या वर्गात हे पाच गट आजही शिकवतात. त्याच रॉजर्सने नंतर एक कबुली दिली, ती मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९५४ साली आयोवा राज्यात पाहणी करताना त्याला एक शेतकरी भेटला. रासायनिक फवारण्यांनी शेतातली गांडुळं आणि पक्षी मरतात, म्हणून तो त्या वापरत नव्हता. रॉजर्सने त्याला रेंगाळणाऱ्यांत टाकलं. पुढे सेंद्रिय शेतीचे दिवस आले आणि रॉजर्सला लिहावं लागलं की तो माणूस खरं तर सगळ्यांच्या पुढे होता. पंचगंगेकाठी खारवट झालेली उसाची रानं पाहिलेल्या माणसाला यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

बँकेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आम्हाला स्वभाव ओळखायची प्रश्नावलीही भरायला लावली होती. ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी युंगच्या विचारांवरून केलेली, सोळा प्रकारांची. तुम्ही अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारे की भावनेने. पहिल्यांदा मी अंतर्मुख निघाले. चार वर्षांनी अधिकारी झाल्यावर पुन्हा भरली, तर बहिर्मुख. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, केबिन मिळाली की मुक्याला पण बोलता येतं. माणसांचे स्वभाव वेगळे असतात, ते कामाला वेगवेगळ्या जागी उपयोगी पडतात, हे मला मान्य आहे. पण कोणाचा स्वभाव काय, हे ठरवण्याआधी त्याला बसायला जागा दिली होती का, हे बघायला हवं.

हे लिहायचं कारण, आमच्या टेबलावरची चौथी व्यक्ती. एक एम.कॉम. झालेली मुलगी, माझ्या शेजारची. ट्रस्टचं ऑफिस मशिदीच्या आवारात. तिथे बायकांनी बसायची पद्धत नाही. मी चौतीस वर्षं परक्यांचे पैसे सांभाळले तरी मलाही नाही. म्हणून सगळं काम माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर झालं. ‘फार लाजाळू आहे ती, तिला कशाला?’ असं मला सांगण्यात आलं. तिने पहिल्या दिवशी एक दोनशे पानी वही काढली. प्रत्येक मालमत्तेला चार पानं. कोणता कागद कुणाकडे, कोणता स्कॅन झाला, कोणता फाटलाय, ओटीपी कुणाच्या फोनवर येणार. (ओटीपी मुतवल्लींच्या फोनवर यायचा आणि मुतवल्ली कायम कुठल्यातरी दावतीत. ‘चाचा, नंबर वाचा’ असं मी फोनवर सांगायचे तेव्हा माझाच जीव कासावीस व्हायचा. ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून ग्राहकांच्या मागे लागणारी मी.) एकदा कुणीतरी अर्धा भरलेला अर्ज जतन न करताच बंद केला. चाचांच्या हट्टाने काढलेल्या प्रिंटा आणि तिची वही समोर होती, म्हणून तासाभरात तो पुन्हा उभा राहिला.

मग ती वेळ आली. कायद्याप्रमाणे मालमत्तेचं वार्षिक उत्पन्न लिहावं लागतं, कोण वापरतंय तेही लिहावं लागतं. मुलीने वहीतून मान वर न करता विचारलं, ‘सहा गाळ्यांचं भाडं महिन्याला दीडशे रुपये प्रत्येकी, हे बरोबर आहे ना? शेजारच्या बिल्डिंगमध्ये तेवढ्याच गाळ्याला आठ हजार आहे.’ टेबलावर शांतता. सहापैकी दोन गाळे कुणाच्या नात्यातल्या माणसांकडे आहेत, ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

शांतता मोडली खजिनदारांनी. फार मनमिळाऊ माणूस. त्यांच्याशिवाय आमचं पान हललं नसतं. जुने फेरफार त्यांनी चावडीवर चहा पीत, गप्पा मारत, तलाठ्यांशी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गोड बोलत मिळवले होते. भाच्याला ते जमलं नसतं, चाचांना तर नाहीच. तेच म्हणाले, ‘हे आत्ता कशाला? उगीच भांडणं लागतील.’ ज्या स्वभावाने कागद मिळाले, तोच स्वभाव आता कागद झाकायला निघाला होता. मला त्यांचा राग आला नाही. आमच्या संस्था अनेक वर्षं याच गोडव्यावर टिकल्यात, आणि याच गोडव्याने पोखरल्यातही.

भाचा म्हणाला, रकाना आहे तर आकडा टाकायचा. मी चाचांकडे बघितलं. ते म्हणाले, ‘दीडशे खरंय. मी दरवर्षी ताळेबंदात लिहितो. वाचलं कुणी?’

कोणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा दोन वर्षं ट्रस्टची सदस्य असून वाचलं नव्हतं.

बँकेत मेकर आणि चेकर अशी पद्धत असते. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पास करायची. दोन्ही कामं एका हाताने करायला बंदी. उमीद पोर्टलही तसंच बांधलेलं आहे. मुतवल्ली मेकर, वक्फ बोर्डाचा अधिकारी चेकर, आणि वर मंजुरी देणारा. आमच्या बहुतेक ट्रस्टांत मात्र हे तिन्ही एकाच माणसाच्या चामड्याच्या बॅगेत असतात. तो माणूस बेइमान असतो असं नाही. पण त्याला विचारणारं कुणी नसतं, आणि विचारणाऱ्या स्वभावाच्या माणसाला आपण किरकिऱ्या ठरवून घरी बसवलेलं असतं. मग बाहेरचा चेकर नोंद नाकारतो तेव्हा आपण म्हणतो, कॉम्प्युटर येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की नोंद बाहेर पाठवण्याआधी घरात तपासली जावी. भरणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणारा शक्यतो असा निवडा, ज्याचा या सगळ्यावर विश्वास नाही. भरलेल्या अर्जाची प्रिंट जुम्याच्या नमाजनंतर फलकावर लावा, भाड्याच्या आकड्यासकट. वाचायला बायकांनाही येऊ द्या. १९०६ साली शाहू महाराजांनी मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, बोर्डिंग उभं केलं, ते हेच शहर. इथल्या मशिदीच्या गाळ्याला आजचं भाडं आलं तर दरवर्षी दोन-चार मुलींची कॉलेजची फी त्यातून निघेल. ही आकडेमोडही त्या मुलीनेच वहीच्या मागच्या पानावर करून ठेवली आहे.

आमच्या चार नोंदींपैकी दोन मंजूर झाल्या. एक तपासणीत आहे. जमिनीची नोंद चतुःसीमेबद्दल शंका काढून परत आली, त्यावर सध्या चाचा बसलेत. भाचा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर त्यांना नकाशा मोठा करून दाखवतो आणि शिव्या खातो. भाडेवाढीसाठी येत्या रविवारी बैठक आहे, माझ्याच घरी. नोटीस चाचांच्या अक्षरात निघाली. मुलीचं नाव अगदी शेवटी, पुढे कंसात ‘निमंत्रित’. मी म्हटलं, खोडा ते आणि ‘सदस्य’ लिहा. चाचांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘घटनेत बसत नाही, आपा. आधी दुरुस्तीचा ठराव आणा. मसुदा मी करून देतो.’